सेन्सरला कंबर कळते. दुखणं कळतं का?

(चेंबूर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय तुम्हाला माहीतच आहे. कंबरदुखी मोजणारी आणि आटोक्यात ठेवणारी सेन्सर-यंत्रं. पाठीला चिकटवायचं बटणाएवढं यंत्र, पट्ट्यात शिवलेला सेन्सर, खुर्चीवर अंथरायची सेन्सरची गादी, आणि मनगटावरचं घड्याळ तर आता घरोघरी झालंय. पोक काढून बसलात की ते थरथरतं. संध्याकाळी मोबाइलवर तक्ता येतो : आज इतके तास नीट बसलात, इतके तास वाईट बसलात. जणू शाळेचं प्रगतिपुस्तकच.

मी आज या यंत्रांची जाहिरात करायला उभा नाही, आणि टवाळी करायलाही नाही. आपण नाटकाची समीक्षा करतो तेव्हा काय विचारतो? नाटकानं काय दाखवायचं ठरवलं होतं, प्रत्यक्षात काय दाखवलं, आणि प्रेक्षकाच्या पदरात काय पडलं. यंत्राचीही तशीच समीक्षा करता येते. म्हणून मी तीनच प्रश्न घेऊन आलोय. एक, हा सेन्सर नेमकं काय मोजतो? दोन, जे मोजतो त्याचा दुखण्याशी संबंध किती? आणि तीन, आलेला आकडा कोणाच्या हातात जातो? तिसऱ्या प्रश्नाकडे आपण बहुतेक वेळा बघतच नाही, म्हणून त्याला शेवटी जास्त वेळ देणार आहे.

आधी दुखण्याविषयी

कंबरदुखी किती मोठी गोष्ट आहे याचा अंदाज घेऊ. जगभरच्या आजारांचा हिशेब मांडणाऱ्या अभ्यासानुसार २०२० साली ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या वर जाईल असा अंदाज आहे. माणसाला अपंगत्वात जगायला लावणाऱ्या कारणांमध्ये कंबरदुखी जगात पहिल्या क्रमांकावर आहे. ती जीव घेत नाही, म्हणून बातमीत येत नाही. पण रोजगार घेते, झोप घेते, नातवाला उचलून घेण्याचं सुख घेते.

आता आपल्या भाषेत या दुखण्याला किती शब्द आहेत बघा. कमरेत उसण भरली. चमक आली. कळ गेली. लचकली. धरली. ठणकते. प्रत्येक शब्द वेगळी गोष्ट सांगतो. उसण अचानक भरते, ठणका सावकाश चढतो, कळ पायात उतरते. हे सगळे शब्द अनुभवाचे आहेत. आणि गेल्या काही वर्षांत त्यात एक नवा शब्द घुसलाय : ‘मणक्यात गॅप’. हा मात्र अनुभवाचा शब्द नाही, हा चित्राचा शब्द आहे. एक्स-रे किंवा एमआरआय बघून कोणीतरी बोललं, आणि आपण डोक्यात घेतलं की कण्याच्या दोन वीटांमधला सिमेंट निघून गेलाय. मग माणूस वाकायलाच घाबरतो.

या चित्राचं काय आहे, ते सांगतो. २०१५ साली एका मोठ्या आढाव्यात ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशा ३११० माणसांची स्कॅनं एकत्र पाहिली गेली. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्यांची झीज दिसत होती. पन्नाशीत ८० टक्क्यांच्या. ऐंशीत ९६ टक्क्यांच्या. परत सांगतो, ही न दुखणारी माणसं होती. म्हणजे केस पिकतात तशा चकत्या झिजतात. केस पिकले म्हणून डोकं दुखतं असं कोणी म्हणत नाही.

उलट बाजूनं बघा. ज्यांची कंबर दुखते त्यांच्यातल्या साधारण ९० टक्के लोकांत दुखण्याचं एकच ठाम शारीरिक कारण सापडत नाही. दुखणं खोटं असतं असा याचा अर्थ नाही. स्नायू, सांधे, नसा, झोप, ताण, भीती, कामाचं ओझं, जुना अनुभव, या सगळ्यांचं मिळून ते झालेलं असतं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० मध्ये आपली व्याख्या सुधारली, तेव्हा स्पष्ट लिहिलं की वेदना हा नेहमीच व्यक्तिगत अनुभव असतो, आणि केवळ नसांमधल्या हालचालीवरून ती ओळखता येत नाही.

हे एवढं का सांगितलं? कारण सेन्सरची खरी अडचण इथे आहे. आपल्या शेजारी तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तिथल्या लोकांनी हातात मावेल असं टेली-ईसीजी यंत्र बनवलं. ते उपयोगी का ठरतं? कारण हृदय स्वतः विजेचा संदेश सोडतं, यंत्र तोच पकडतं, आणि त्या रेषेत बिघाड दिसला तर त्याचा हृदयाच्या आजाराशी थेट संबंध लावता येतो. कंबरदुखीला अशी स्वतःची रेषा नाही. त्यामुळे सेन्सर दुखणं मोजतच नाही. तो दुखण्याच्या आजूबाजूचं काहीतरी मोजतो : वाक, वेग, दाब, स्नायूंची वीज. हे आजूबाजूचं किती जवळचं आणि किती लांबचं, हाच सगळा वाद आहे.

टेपपासून सुईपर्यंत

कंबर मोजण्याचा उद्योग आजचा नाही. १९३७ साली शोबर नावाच्या जर्मन डॉक्टरनं एक साधी युक्ती काढली. कमरेच्या तळाशी पेनानं एक खूण, तिच्यावर १० सेंटिमीटरवर दुसरी. माणसाला पुढे वाकायला सांगायचं आणि अंतर परत मोजायचं. लवचीक कंबर असेल तर १० चे साधारण १५ होतात. टेप आणि पेन, बस. आजही दवाखान्यात ही चाचणी होते.

मग आली सुई. स्वीडनचे अस्थितज्ज्ञ आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या मणक्यामधल्या चकतीत दाब मोजणारी सुई घातली. त्यातून एक तक्ता जगभर पोहोचला. उभं राहताना चकतीवरचा दाब १०० धरला, तर आडवं पडल्यावर २५, बसल्यावर १४०, बसून पुढे वाकल्यावर १८५. आपल्याला लहानपणापासून जे सांगितलं जातं, ‘ताठ बस, पोक काढू नकोस’, त्याला या तक्त्यानं शास्त्राचं वजन दिलं. पुढची तीसेक वर्षं खुर्च्या, गाद्या, ऑफिसातली भित्तिपत्रकं, सगळं यावर उभं राहिलं.

१९९९ मध्ये जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग नव्या, लवचीक सेन्सरनं केला. ४५ वर्षांच्या एका निरोगी माणसाच्या चकतीत सेन्सर बसवला आणि २४ तास त्याला जगू दिलं. हसणं, शिंकणं, जिने चढणं, झोपणं, सगळं मोजलं. सैल उभं राहिल्यावर दाब आला ०.५ मेगापास्कल. टेकून न बसता सैल बसल्यावर ०.४६. आणि खुर्चीत मस्त रेलून, आई ओरडेल असं बसल्यावर ०.३. म्हणजे पसरून बसणं उभं राहण्यापेक्षा हलकं निघालं!

आता इथे टाळ्या वाजवून ‘बघा, आई चुकली’ असं म्हणायची घाई करू नका. हा एकच माणूस होता. पण धडा महत्त्वाचा आहे. दोन्ही वेळा सेन्सर थेट चकतीत होता. याहून जवळ जाणं शक्यच नाही. तरी निष्कर्ष बदलला. आणि मुख्य म्हणजे दोन्ही प्रयोगांनी दाब मोजला, दुखणं नाही. दाब जास्त म्हणजे इजा, इजा म्हणजे दुखणं, ही साखळी आपण मनानं जोडली. सेन्सरनं ती जोडून दिलेली नव्हती.

त्याच प्रयोगातला एक उपयोगाचा भाग मात्र लक्षात ठेवा. २० किलो वजन पाठ गोल करून उचललं तेव्हा दाब २.३ मेगापास्कल झाला. गुडघे वाकवून उचललं तेव्हा १.७. वजन अंगाशी धरल्यावर १.१. म्हणजे गुडघे वाकवा हा सल्ला ठीकच आहे, पण ओझं अंगाशी धरा हा त्याहून मोलाचा आहे.

आजचा सेन्सर काय करतो

आता पाठीला चिकटवायच्या यंत्राकडे येऊ. त्यात साधारण तीन गोष्टी असतात. पहिली त्वरणमापक. गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखून आपण किती कललोय ते सांगतो. मोटारीतली एअरबॅग फुगवण्यासाठी हा चिमुकला सेन्सर लाखोंनी बनू लागला, स्वस्त झाला, आणि आज प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. दुसरी जायरोस्कोप, वळण्याचा वेग मोजणारी. तिसरी चुंबकमापी, होकायंत्रासारखी.

तिघांचे तीन गुण आणि तीन खोडी. त्वरणमापक स्थिर माणसाचा कल छान सांगतो, पण माणूस धावला किंवा गचका बसला की गडबडतो. जायरोस्कोप वेग छान सांगते, पण वेगावरून कोन काढताना बारीक चूक साठत जाते. घड्याळ रोज थोडं पुढे जावं तसं. चुंबकमापी ती चूक सुधारू पाहते, पण आजूबाजूला लोखंड असलं की ती स्वतःच भांबावते. आणि हार्बर लाइनच्या डब्यात लोखंडाशिवाय दुसरं काय असतं? त्यात हे यंत्र हाडाला नाही, कातडीला चिकटलेलं असतं. कातडी सरकते. पोट सुटलेल्या माणसाची जास्तच सरकते.

दुसऱ्या जातीचे सेन्सर स्नायूंची वीज मोजतात. त्यात एक सुंदर गोष्ट १९५० च्या दशकातच दिसली होती. निरोगी माणूस पूर्ण खाली वाकला की कमरेचे स्नायू शेवटी गप्प होतात. भार अस्थिबंधांवर जातो. कंबरदुखीच्या बऱ्याच रुग्णांत ते गप्प होत नाहीत. पहारेकरी ड्युटी संपली तरी झोपत नाही, तसं. हा दुखण्याच्या बराच जवळचा संकेत आहे. स्नायू सावध आहेत, कंबर स्वतःला राखतेय, हे त्यातून दिसतं.

सेन्सरच्या बाजूनं आणखी एक मोठी साक्ष. अमेरिकेत ओहायोमध्ये विल्यम मॅरस यांनी १९९० च्या सुमारास कामगाराच्या पाठीवर बांधायचं, कण्यासारखं दिसणारं यंत्र बनवलं. ते घेऊन ते कारखान्यांत गेले. ४८ उद्योगांतली ४०० हून अधिक कामं मोजली. त्यांना काय दिसलं? कंबरेचा धोका नुसत्या वजनात नाही. किती वेळा उचलता, ओझं अंगापासून किती लांब, किती वाकता, बाजूला किती वेगानं झुकता, आणि वळताना किती वेगानं पीळ बसतो, या पाच गोष्टी मिळून धोका ठरतो. डोळ्यांना हा पिळाचा वेग दिसत नाही, टेपला तर नाहीच. इथे सेन्सरनं खरोखर नवं काही दाखवलं. पण एक नोंद करून ठेवा : मॅरस यांनी सेन्सर माणसाच्या पाठीवर बांधला खरा, पण परीक्षा घेतली कामाची.

मोठी परीक्षा

आता उपचाराकडे. सेन्सर लावून कंबरदुखी बरी होते का?

२०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात पीटर केंट आणि सहकाऱ्यांनी ११२ रुग्णांवर एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. सगळ्यांच्या अंगावर सेन्सर. पण एका गटालाच त्यातून सूचना मिळत होत्या आणि त्यावरून हालचाल सुधारायला शिकवलं जात होतं. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार. सूचना मिळालेला गट जास्त सुधारला, आणि ती सुधारणा वर्षभर टिकली. साहजिकच सगळ्यांच्या आशा वाढल्या.

मग त्याच केंट यांनी इतरांबरोबर मोठी चाचणी केली. ‘रिस्टोअर’ तिचं नाव, २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात आली. ४९२ रुग्ण, २० दवाखाने, तीन गट. पहिल्या गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला कॉग्निटिव्ह फंक्शनल थेरपी नावाची पद्धत. तिसऱ्याला तीच पद्धत, वर सेन्सर.

ही पद्धत काय आहे? फिजिओथेरपिस्ट आधी रुग्णाची कहाणी ऐकतो. तुला काय वाटतं, का दुखतं? कशाची भीती वाटते? काय करायचं सोडून दिलंस? मग ज्या हालचालीची भीती बसलीय, तीच हळूहळू, सैल अंगानं, श्वास न रोखता करायला शिकवतो. झोप, चालणं, कामावर परतणं, यावर बोलतो. तीन महिन्यांत जास्तीत जास्त सात भेटी, आणि सहा महिन्यांनी एक उजळणी.

निकाल? रोजच्या कामांतली अडचण मोजणारी २४ गुणांची एक प्रश्नावली आहे. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत सेन्सरविना गटाची अडचण १३ आठवड्यांनी ४.६ गुणांनी कमी झाली. आणि सेन्सरवाल्या गटाची? तीही ४.६ गुणांनीच. दोन्ही गटांत समाजाचे माणशी पाच हजार ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त वाचले. सुधारणा वर्षानं टिकली होती, आणि तीन वर्षांनंतरच्या पाहणीतही दिसली.

मला या अभ्यासाचं मोल दोन कारणांसाठी वाटतं. पहिलं, ज्यांच्या छोट्या चाचणीत सेन्सर जिंकला होता, त्यांनीच मोठ्या चाचणीत तो वेगळा काढून तपासला, आणि भर पडत नाही हे छापलं. जाहिरातीत हे कधी होत नाही. दुसरं, चांगली बातमी निकालातच आहे, फक्त आपण चुकीच्या जागी शोधत होतो. वर्षानुवर्षं कंबर धरलेल्या माणसांत एवढी टिकाऊ सुधारणा क्वचितच दिसते. ती झाली ऐकण्यानं, समजावण्यानं आणि भीती मोडण्यानं.

मग सेन्सर निरुपयोगी का? तसं हा अभ्यास म्हणत नाही. हातात तयार, प्रशिक्षित माणूस असताना सेन्सर वर काही घालत नाही, एवढंच तो म्हणतो. जिथे असा माणूस नाही तिथे सेन्सर त्याची जागा घेईल का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि ‘हो’ म्हणणाऱ्यानं तो सिद्ध करून दाखवायचा आहे. ‘नीट बसा’ म्हणून थरथरणारं यंत्र तर या पद्धतीच्या नेमकं उलट वागतं. ती पद्धत माणसाला सांगते, तुझी पाठ मजबूत आहे, बिनधास्त वाक. यंत्र दर दहा मिनिटांनी सांगतं, सांभाळ, तुझी पाठ धोक्यात आहे. घाबरलेल्या माणसाला हे रोज ऐकवणं हा उपचार आहे की आजाराला खतपाणी, तुम्हीच ठरवा.

चेंबूरच्या कंबरा

आता जरा आपल्या अवतीभवती बघू. माहुलला दोन रिफायनऱ्या आहेत. तिथून निघालेला गॅस टाकीत भरून आपल्या दारात येतो. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस, रिकाम्या टाकीचं वजन त्याहून थोडं जास्तच. म्हणजे भरलेली टाकी तीस किलोच्या आसपास. ती खांद्यावर घेऊन माणूस लिफ्ट नसलेल्या इमारतीचे जिने चढतो, दिवसातून कित्येकदा.

अमेरिकेच्या नायॉश संस्थेनं १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रात, सगळी परिस्थिती आदर्श असताना दोन हातांनी उचलायच्या वजनाची कमाल मर्यादा २३ किलो धरली आहे. वाकावं लागलं, वळावं लागलं, वारंवार उचलावं लागलं की ती उतरत जाते. खांद्यावर टाकी घेऊन जिना चढणं त्या सूत्रात बसतच नाही. अशा माणसाच्या पाठीवर सेन्सर चिकटवून ‘तुम्ही ३० अंशांपेक्षा जास्त वाकता’ असं सांगायचं? त्याला ते माहीत आहे हो. त्याच्या कमरेला नवीन माहिती नको, हलकी टाकी किंवा चालू लिफ्ट हवी.

रिक्षावाल्याचं बघा. बसलेल्या माणसाच्या कण्याला साधारण पाच हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला पाच हेलकाव्यांच्या आसपासची थरथर सगळ्यात जास्त लागते. युरोपात २००२ पासून नियम आहे : आठ तासांच्या हिशेबानं सीटवरची थरथर ०.५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेली की मालकानं उपाय करायचे, आणि १.१५ ही कमाल मर्यादा. ही थरथर मोजायला त्वरणमापकच लागतो, तोच जो पाठीवरच्या यंत्रात असतो. तो पाठीवरून काढून सीटखाली ठेवला, की यंत्र तेच राहतं आणि प्रश्न बदलतो. ‘तू कसा बसतोस’ याऐवजी ‘रस्ता कसा आहे’ असं आपण विचारू लागतो. टँकरांनी उखडलेल्या रस्त्याला प्रगतिपुस्तक मिळायला काय हरकत आहे?

आणि घरातल्या बायका. विळीवर बसून भाजी चिरणं, उकिडवं बसून फरशी पुसणं, हंडा-बादली भरणं. माहुलच्या, ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातल्या बाईच्या डोक्यावरची मासळीची पाटी. ज्या यंत्राचा नियम खुर्चीत बसणारा माणूस गृहीत धरून लिहिलाय, त्याच्या लेखी हे सगळं ‘वाईट बसणं’. कंबरदुखीची प्रसिद्ध ओस्वेस्ट्री प्रश्नावलीसुद्धा मूळ इंग्रजीत ‘आवडत्या खुर्चीत’ किती वेळ बसता येतं असं विचारते. तिची मराठी आवृत्ती मुंबईतल्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांवर तपासून २०१३ मध्ये प्रसिद्ध केली, ही फार मोलाची गोष्ट आहे. आपल्याच भाषेत ‘चालता येतं का, झोप लागते का, ओझं उचलवतं का’ असं विचारणारा तो कागद पुष्कळशा चकचकीत यंत्रांपेक्षा दुखण्याच्या जवळ जातो. कारण तो दुखणाऱ्या माणसालाच विचारतो.

पवईला आयआयटीत २०१४ पासून वैद्यकीय उपकरणांचं केंद्र आहे. डॉक्टर आणि अभियंते एकत्र बसवण्याची सोय आपल्या शहरात आहे. मग आपल्या जमिनीवर बसणाऱ्या, टाकी वाहणाऱ्या, लोकलला लटकणाऱ्या कंबरांसाठी सेन्सर बनवायला काय हरकत आहे? फक्त प्रश्न कोण विचारणार, हे आधी ठरायला हवं.

आकडा कोणाच्या हातात

आणि हा तिसरा प्रश्न. समजा गोदामातल्या कामगाराला मालकानं पट्टा दिला. ‘तुझ्याच पाठीसाठी आहे रे बाबा.’ सहा महिन्यांनी त्याची कंबर धरली. त्यानं भरपाई मागितली. मालक तक्ता काढतो : बघा, हा दिवसातून चाळीसदा चुकीचा वाकला. चूक कोणाची? त्याची. तासाला किती खोकी उचलायची हे कोणी ठरवलं, ते तक्त्यात नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या सातव्या कलमात काही ‘वैध वापर’ दिले आहेत, जिथे संमती न घेताही माहिती वापरता येते. त्यात नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाला नुकसानीपासून किंवा दायित्वापासून वाचवण्यासाठी, असंही आहे. दायित्व हा शब्द लक्षात ठेवा. कामगाराच्या कमरेचा आकडा मालकाचं दायित्व टाळायला वापरला गेला, तर कामगारानं कोणाकडे बघायचं? आपल्या महाराष्ट्रानं १९६९ मध्ये माथाडी कायदा केला, ओझी वाहणाऱ्या माणसाला मंडळ दिलं, हक्क दिले. त्या परंपरेला साजेसा नियम सोपा आहे : अंगावरच्या सेन्सरचा कच्चा आकडा कामगाराचा, मालकाला फक्त सगळ्यांचा मिळून निष्कर्ष, आणि तोही काम बदलण्यासाठी. माणूस बदलण्यासाठी नाही.

मग करायचं काय?

ज्यांची कंबर दुखते त्यांच्यासाठी थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. व्यायाम, आजाराची नीट समज, गरज वाटल्यास मानसोपचार, काही हातानं करायचे उपचार, याला त्यांनी पाठिंबा दिलाय. कमरेचा पट्टा आणि वजन लावून कंबर ताणणं नेहमीसाठी नको म्हटलंय. आपल्याकडे पहिल्याच दिवशी दुकानातून काय आणतात? पट्टा.

आणि हे मात्र वाट न बघता डॉक्टरकडे न्यायचं : लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद वाढत्या प्रमाणात जाणं, ताप, जुना कर्करोग, किंवा पडल्यानंतरची तीव्र वेदना. या गोष्टी घड्याळ ओळखत नाही.

सेन्सर वापरायचाच असेल तर असा वापरा. फिजिओथेरपिस्टच्या समोर, ठरावीक काळासाठी, एका प्रश्नासाठी. घाबरलेल्या माणसाला ‘तुम्हाला वाटतं त्यापेक्षा तुम्ही छान वाकता, हे बघा’ असं दाखवायला आकडा कामी येऊ शकतो. किती चाललो हे मोजायला घड्याळ चांगलं आहे. उत्तर मिळालं की काढून ठेवा.

(श्रोत्यांतून प्रश्न : माझ्या मुलानं पाठीवरचं यंत्र दिलंय, आणि मला ते लावून बरं वाटतं. काढून टाकू का?)

नको, अजिबात नको! बरं वाटतंय ना? मग बरं वाटणं हेच खरं मोजमाप. फक्त एक करून बघा. आठवडाभर ते लावून, आणि आठवडाभर न लावता तेवढंच चाला, तेवढीच कामं करा. रोज रात्री कागदावर दोनच ओळी लिहा : आज काय करता आलं, आणि आज कशाला घाबरून थांबलो. दोन आठवड्यांनी कागद बघा. फरक यंत्राचा असेल तर दिसेल. चालण्याचा असेल तर तोही दिसेल. आणि मुलानं आठवणीनं विचारपूस केली याचा असेल, तर यंत्र परत करा आणि मुलाला ठेवून घ्या.